रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि उत्पत्तीचे सहा दिवस

मावळांतील मंडळ्यांस काळा खडक नवा नाहीं. खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यास येतांना, किंवा लोहगड-विसापुराकडे दृष्टि टाकितांना, डोंगराच्या अंगावर पायऱ्यांसारखे आडवे थर दिसतात. भूगर्भशास्त्रवेत्ते सांगतात कीं, हे थर पृथ्वीच्या पोटांतून वाहून आलेल्या तप्त रसाचे असून ते थिजून सुमारें सहा कोटि साठ लक्ष वर्षें झालीं. हें ऐकून आमच्या कांहीं तरुणांचें मन डळमळतें, आणि कांहीं वडील माणसें शाळेसच दोष देतात. देवानें सहा दिवसांत जग केलें असें शास्त्र सांगत असतां इतका काळ कोठून आला, हा प्रश्न घरोघर निघतो. म्हणून ज्या मिशनरीनें याच खडकाचा अभ्यास करीत आपल्या महाराष्ट्रांतच देह ठेविला, त्याचें चरित्र आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील डन्स या गांवीं झाला. १८४३ सालीं तेथील मंडळींत फूट पडून फ्री चर्च निघालें, तेव्हां ते त्या पक्षास मिळाले. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले व पुढील वर्षीं नागपुरास पोहोंचले. मराठी शिकून त्यांनीं सुवार्ता सांगितली, १८४६ सालीं शाळा घातली, आणि गोंड लोकांच्या चालीरीतींची व गीतांची माहिती मोठ्या कष्टानें जमविली.

त्यांच्या मंडळींत सृष्टीच्या दिवसांचा प्रश्न तेव्हांच निघाला होता. तिचे पुढारी डॉ. थॉमस चामर्स यांनीं १८१४ सालींच असें मत मांडिलें होतें कीं, उत्पत्तीच्या पहिल्या व दुसऱ्या वचनांमध्यें दीर्घ काळ लोटला असावा. दिवस मात्र साधे दिवसच. ह्यू मिलर हे आधीं पाथरवट होते, मग फ्री चर्चच्या पक्षाच्या वृत्तपत्राचे संपादक झाले. आरंभीं त्यांस चामर्स यांचेंच मत मान्य होतें. परंतु पुष्कळ थर तपासल्यावर प्रत्येक दिवस हेंच एक मोठें युग, असें त्यांनीं ठरविलें. त्यांचें या विषयावरील पुस्तक १८५७ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून निघालें. दोघेही शास्त्रावर पूर्ण विश्वास ठेवणारे होते.

इकडे नागपुरांत हिस्लॉपसाहेब व त्यांचे सोबती रेव्ह. रॉबर्ट हंटर यांस १८५१ सालीं टाकळीजवळ दगड झालेले प्राण्यांचे अवशेष सांपडले. आपल्या घाटांतील काळा खडक तिकडे पातळ होत जातो, आणि त्याच्या थरांमध्यें मातीचे थर दडलेले आहेत. त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगाई, फळें व बिया मिळाल्या. त्यांविषयींचा लेख १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

वाचकांनीं याचा अर्थ नीट पाहावा. तप्त रसांत गोगलगाय जगत नाहीं. खडक थिजावा, निवावा, त्यावर पाणी सांचावें, झाडें उगवावीं, जीवांच्या पिढ्या व्हाव्या, आणि मग नव्या रसानें तें सर्व झांकावें, यास किती काळ लागेल? आपल्या कार्ल्याचें लेणें कोरून सुमारें दोन हजार वर्षें झालीं, तरी आंतील अक्षरें अजून वाचतां येतात. त्याच खडकांत पाण्यानें दऱ्या कोरिल्या आहेत. त्यांस लागलेला काळ दोन हजार वर्षांनीं मोजतां येणार नाहीं.

हिस्लॉपसाहेबांनीं मातीच्या त्या थरांचें वय आहे त्याहून कमी मानिलें होतें. पुढील शोधकांनीं तें दुरुस्त केलें. तेणेंकरून खडक खोटा ठरला नाहीं, वाचणाऱ्याचें वाचन सुधारलें. शास्त्राच्या वाचनासही हाच नियम लावावा.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते टाकळघाट येथें प्राचीन दगडी वर्तुळें पाहावयास गेले होते. मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल हेही तेथें होते. परततांना रात्रीं पूर आलेला ओढा ओलांडतांना ते बुडाले. सेहेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चारच दिवस उरले होते. त्यांनीं जमविलेले गोंडांविषयींचे लेख टेंपल यांनीं १८६६ सालीं छापिले, आणि १८८३ पासून नागपुरांतील कॉलेज त्यांचें नांव चालवीत आहे. हातोडा धरिला म्हणून त्यांनीं उपदेश सोडिला नाहीं. मरेपर्यंत दोन्ही कामें चालविलीं.

आतां दिवसांविषयीं. इब्री भाषेंतील दिवस हा शब्द नेहमीं चोवीस तासांचाच नसतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत सृष्टीच्या सबंध काळास एकच दिवस म्हटलें आहे. सूर्य चवथ्या दिवशीं प्रगट होतो, तर पहिले तीन दिवस कशानें मोजावे? सातव्या दिवसास संध्याकाळ झाल्याचें लिहिलेलें नाहीं. उलटपक्षीं, शब्बाथाच्या आज्ञेंत आपल्या आठवड्याचा मेळ त्या दिवसांशीं घातला आहे, हें बलवान प्रमाण साधे दिवस मानणाऱ्यांचें आहे, व तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. आम्हांस दीर्घ युगांचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो; पण दुसरा अर्थ धरणाऱ्या भावास आम्ही अज्ञानी म्हणणार नाहीं.

वडील बंधूंनो, मुलानें खडकाचें वय सांगितलें म्हणजे त्यानें विश्वास सोडिला असें समजूं नका; रागें भरून त्यास उपासनेपासून दूर लोटूं नका. तरुणांनो, दिवस किती तासांचा हें ठरलें नाहीं म्हणून दिवस करणाऱ्यास नाकारूं नका. दिवसांच्या मापावर आमचें तारण टांगलेलें नाहीं. आरंभीं देवानें आकाश व पृथ्वी हीं उत्पन्न केलीं, एवढें धरून दोघांनीं एकाच बाकावर बसावें.