विश्लेषण : विधान परिषद हवी कशाला? वि. स. पागे यांच्या कामातून मिळणारे उत्तर

वरळी कोळीवाड्यातील मतदार आपला आमदार थेट निवडतो. विधान परिषदेसाठी मात्र, पदवीधर किंवा शिक्षक मतदार म्हणून नोंद नसेल, तर त्याला मतदानच नाही. मग हे सभागृह हवे कशाला? परिषदेचे १८ वर्षे सभापती राहिलेल्या विठ्ठल सखाराम पागे यांच्या कामात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

परिषदेत कोण असते?

एकूण ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, तर २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी निवडतात. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ सदस्य येतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील १२ जणांना राज्यपाल नियुक्त करतात.

पागे कोण होते?

आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी येथे १९१० मध्ये त्यांचा जन्म झाला. वकिली शिकलेले पागे स्वातंत्र्यलढ्यात उतरले. गांधीविचार आणि संतसाहित्य यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९६० ते १९७८ या काळात ते सभापती होते.

रोजगार हमी कशी आली?

दुष्काळात सरकार कामे काढी. पाऊस पडला की ती बंद होत. मागेल त्याला काम मिळणे हा हक्कच असावा, आणि त्या कामातून बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी उभ्या राहाव्यात, अशी पागेंची मांडणी होती. १९६०च्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने ही योजना राज्यभर नेली. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पैसा कोठून आला?

मोठा वाटा व्यवसाय कराचा. मुंबईतील नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा साधारण २०० रुपये कापले जातात. १९७५चा हा कर रोजगार हमीसाठीच लावला गेला. ग्रामीण मजुराच्या हक्काचा भार शहराने उचलला.

मग परिषदेची मर्यादा काय?

परिषद साधे विधेयक फार तर चार महिने रोखू शकते, तर धन विधेयक केवळ १४ दिवस. अंतिम शब्द विधानसभेचाच. पागेंची कल्पनाही लोकनियुक्त सरकारने स्वीकारली म्हणूनच कायदा झाली. पराभूत नेत्यांची मागच्या दाराने सोय लावली जाते, हा परिषदेवरील आक्षेपही खोटा नाही. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, तर तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषद बरखास्त केली.

पागे यांचे निधन १९९० मध्ये झाले. २००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभवच समोर होता. पुढच्या निवडणुकीची घाई नसलेला माणूस एका प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करू शकतो, हे पागेंनी दाखवले. परिषदेच्या जागांवर अशी माणसे पाठवायची की नाही, हे मात्र पक्षांच्याच हाती आहे.