नटश्रेष्ठ एडविन बूथ

बूथ हे आडनाव निघाले की बहुतेकांना अब्राहम लिंकनचा मारेकरी तेवढा आठवतो. पण त्या काळच्या अमेरिकेत हे नाव मुळात रंगभूमीचे होते, आणि त्या एका गोळीनंतरही ते रंगभूमीचे राहिले याचे श्रेय मारेकऱ्याच्याच थोरल्या भावाला, एडविनला, द्यावे लागते.

एडविनचा जन्म १३ नोव्हेंबर १८३३ रोजी मेरीलँडमधील बेल एअरजवळ झाला. वडील ज्युनियस ब्रूटस बूथ इंग्लंडहून आलेले नामांकित नट. पण दारू आणि चित्तभ्रम यांमुळे ते प्रयोगाला उभे राहतील की नाही, याचा नेम नसे. त्यांना सांभाळण्यासाठी एडविनला दौऱ्यावर बरोबर धाडले गेले. बापावर पहारा ठेवणे हेच या पोराचे नाट्यशिक्षण! १८४९ साली बॉस्टनला 'रिचर्ड तिसरा'मधील एका किरकोळ भूमिकेत तो प्रथम उभा राहिला. १८५१ साली न्यूयॉर्कला वडिलांनी ऐनवेळी नकार दिला आणि सतराव्या वर्षी खुद्द रिचर्डचीच भूमिका त्याच्या गळ्यात पडली. पुढल्या वर्षी वडील वारले. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया अशी वणवण करून १८५६ साली तो पूर्वेकडे परतला.

तो जमाना गडगडाटी अभिनयाचा होता. एडविनने आवाज खाली आणला, हातवारे आवरले आणि व्यक्तिरेखेचे मन दाखवण्यावर भर दिला. बापाचे व्यसन मात्र त्यालाही जडले. फेब्रुवारी १८६३ मध्ये पत्नी मेरी बॉस्टनजवळ मरणपंथाला लागली असता हा न्यूयॉर्कमध्ये नशेत होता. पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. त्यानंतर त्याने दारू सोडली.

२५ नोव्हेंबर १८६४ रोजी न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरात शेक्सपिअरच्या पुतळ्याच्या निधीसाठी 'ज्युलियस सीझर'चा प्रयोग झाला. ज्युनियस कॅशियस, एडविन ब्रूटस आणि जॉन विल्क्स मार्क अँटनी! तिघे भाऊ एकत्र उभे राहिले ते तेवढेच. दुसऱ्याच रात्री एडविनचा 'हॅम्लेट' सुरू झाला आणि सलग १०० रात्री चालला. तो संपून महिनाही लोटला नव्हता तोच, १४ एप्रिल १८६५ रोजी, जॉनने वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरात लिंकनवर गोळी झाडली. भाऊ दक्षिणेचा कट्टर कैवारी, तर एडविनने लिंकनला मत दिलेले. त्याने रंगभूमीला रामराम ठोकला.

पण अभिनयाखेरीज पोटाची दुसरी विद्या त्याला येत नव्हती. ३ जानेवारी १८६६ रोजी तो पुन्हा हॅम्लेट म्हणून उभा राहिला. वृत्तपत्रांतून विरोध झाला होता. प्रेक्षकांनी मात्र उठून जयघोष केला. भावाच्या पापाचा हिशेब त्याच्याकडे मागायचा नाही, हा निवाडा प्रेक्षागृहाने दिला, आणि तो न्याय्यच होता. तरी वॉशिंग्टनच्या रंगमंचावर एडविनने पुन्हा कधी पाऊल ठेवले नाही.

१८६७ साली विंटर गार्डन जळाले. खचून न जाता त्याने स्वतःचे 'बूथ्स थिएटर' उभारले. ३ फेब्रुवारी १८६९ रोजी 'रोमिओ आणि ज्युलिएट'ने त्याचा पडदा उघडला. खर्च दहा लाख डॉलरांवर. पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रांनी देखावे तळघरातून वर येत. योगायोग असा, की त्याच महिन्यात त्याच्या विनंतीवरून जॉनचा मृतदेह सरकारने कुटुंबाच्या हवाली केला. कलावंताने गल्ला सांभाळावा, ही अपेक्षाच चुकीची म्हणावी काय? देखाव्यांचा खर्च भरमसाट, हिशेबाकडे दुर्लक्ष, त्यात १८७३ ची आर्थिक मंदी. १८७४ साली त्याचे दिवाळे निघाले. ते कर्ज त्याने गावोगाव दौरे करून फेडले. १८८१ साली लंडनला हेन्री आयर्व्हिंगबरोबर ऑथेल्लो आणि इयागो या भूमिका त्याने आळीपाळीने केल्या.

१८८८ साली न्यूयॉर्कच्या ग्रामर्सी पार्कमधील आपले घर त्याने 'द प्लेअर्स' या मंडळाला देऊन टाकले. नटाला चार प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसता यावे, हा त्यामागचा हेतू. वरच्या मजल्यावरची खोली तेवढी त्याने स्वतःकडे ठेवली. १८९१ साली ब्रुकलिनला तो शेवटचा हॅम्लेट झाला आणि ७ जून १८९३ रोजी त्याच खोलीत वारला. दोन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली, त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरी झालेल्या जुन्या फोर्ड थिएटरचे मजले कोसळून २२ कारकून दगावले.