ओहमसाहेबांचा पॉवर सप्लाय

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी विभागाला लेख देतेय म्हटल्यावर माझी रूममेट पाच मिनिटं हसत होती. ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासले आहेत, तेव्हा चुका सापडल्या तर तिला धरा!

लेख आहे जॉर्ज सायमन ओहम यांच्यावर. हो, तेच ते, दहावीपासून आपल्या मानगुटीवर बसलेले. व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स. यांच्या आयुष्यात काय वाचायचं असं मलाही वाटायचं. पण मागच्या सेमिस्टरला माझ्यावर एक प्रसंग आला आणि या माणसाशी माझी एकदम दोस्तीच झाली.

झालं असं की सेकंड इयरच्या सुट्टीत मी कॉम्प्युटर असेंबल केला. बाबांच्या बोनसमधले थोडे आणि माझे साठवलेले थोडे पैसे. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एकेक वस्तू महिनाभर चौकशी करून घेतली. फक्त एसएमपीएसची चौकशी केली नाही. तो कॅबिनेटसोबत आला होता, वर ४५० वॅटचा स्टिकर होता. म्हटलं, बास की! पैसे वाचले. एक रॅम मी घेतली आणि दुसरी रूममेटने तिच्या जुन्या मशीनमधून काढून दिली. दोनच दिवसांत सिम्युलेशन लावलं की मशीन धाडकन रिस्टार्ट व्हायला लागलं. मी सरळ तिच्या रॅमवर आळ घेतला. विंडोज तीनदा टाकलं, रॅम काढून तिच्या टेबलावर आपटली आणि आठवडाभर आमचं बोलणं बंद! मशीन मात्र रिस्टार्ट होतच राहिलं.

शेवटी लॅबमधल्या काकांनी मल्टिमीटर हातात दिला आणि पिवळ्या वायरवर व्होल्टेज बघायला सांगितलं. मशीन रिकामं असताना १२.१. सिम्युलेशन सुरू केलं की ११.२. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. दोष रॅमचा नव्हताच, खालून पुरवठाच डगमगत होता.

त्याच आठवड्यात व्हायव्हासाठी लायब्ररीत बसले असताना ओहमचं चरित्र वाचलं आणि उडालेच. दोनशे वर्षांपूर्वी अगदी हाच घोटाळा त्यांच्याही बाबतीत झाला होता.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण स्वतः पुस्तकं वाचून इतकं शिकले होते की मुलांना गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घरीच शिकवायचे. सात भावंडांपैकी तिघंच जगली. आई गेली तेव्हा जॉर्ज दहा वर्षांचा होता. त्याचा धाकटा भाऊ मार्टिन पुढे नावाजलेला गणिती झाला. एर्लांगेनच्या एका प्राध्यापकांनी पंधरा वर्षांच्या जॉर्जची परीक्षा घेतली आणि खूश होऊन या भावांची तुलना चक्क बर्नोली घराण्याशी केली.

आता होस्टेलवाल्यांनी कान टवकारा. १८०५ मध्ये साहेब युनिव्हर्सिटीत दाखल झाले आणि अभ्यास सोडून नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यातच रमले! वडील भयंकर चिडले. आपल्याला जी संधी मिळाली नाही ती पोराला मिळाली आणि पोरगं ती उधळतंय, हे त्यांना सहन होईना. तीन सेमिस्टर संपता संपता शिक्षण थांबलं आणि सतराव्या वर्षी जॉर्जची रवानगी स्वित्झर्लंडला झाली, एका शाळेत गणित शिकवायला. तिथे मात्र गडी सुधारला. ऑयलर, लाप्लास असे मोठमोठे लेखक स्वतःच वाचून काढले, १८११ मध्ये परत आला आणि त्याच युनिव्हर्सिटीतून डॉक्टरेट मिळवली.

डॉक्टरेट मिळाली तरी पोट भरेना. युनिव्हर्सिटीतली शिकवणी तीन सेमिस्टरनंतर सोडावी लागली. मग बाम्बेर्गला एका सुमार शाळेत नोकरी केली, तर १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. दरम्यान भूमितीवर एक पुस्तक लिहिलं होतं, त्याची प्रत थेट प्रशियाच्या राजाकडे पाठवली. त्यातून १८१७ मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत जागा मिळाली. (कॉन्व्हेंटवाल्यांनी हे वाक्य अभिमानाने दोनदा वाचावं.) या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. आणि कुलपं बनवणाऱ्याच्या मुलाच्या हातात कारागिरी होतीच, लागतील ती उपकरणं तो स्वतः तयार करायचा.

प्रश्न साधा होता. तारेची लांबी वाढवली की तिच्यातून जाणाऱ्या विजेचा जोर किती कमी होतो? तेव्हा ॲमीटर नव्हता. ओहमने लोहचुंबकाची सुई बारीक तारेला टांगली. खालून करंट गेला की सुई वळायची. तिला परत जागेवर आणायला वरची तार जितकी पिळावी लागे, तितका करंटचा जोर. वीज मात्र व्होल्टाच्या पद्धतीच्या बॅटरीतून घेतलेली, आणि इथेच घोळ झाला. सर्किट जोडलं की सुरुवातीला जोर भरपूर, मग तो घसरत जायचा. सर्किट तोडून थोडा वेळ थांबलं की बॅटरी पुन्हा ताजीतवानी! याचं कारण आज आपल्याला माहीत आहे, बॅटरीच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे जमतात. पण त्या वेळी एक रीडिंग घेऊन दुसरं घेईपर्यंत पुरवठाच बदललेला असे. ओहमने या आकड्यांवर सूत्र बसवलं आणि १८२५ मध्ये छापूनही टाकलं. त्यात लॉगॅरिदम होता! म्हणजे ओहमचा पहिला नियम चुकीचा होता. आपल्याला हे कोणी का सांगत नाही हो?

तार निर्दोष होती, सुई निर्दोष होती. दोष होता पॉवर सप्लायचा. माझ्या रूममेटच्या रॅमसारखंच की हे.

मला आवडलं ते यापुढचं. ओहमने चुकलेलं सूत्र रेटून धरलं नाही. ज्या मासिकात लेख छापला होता त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना एक सल्ला दिला, बॅटरी सोडा आणि थर्मोकपल वापरा. दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि एक थंड ठेवला तर वीज मिळते, हा सीबेकचा शोध तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षं जुना होता. ओहमने बिस्मथची कांब घेतली, तिच्या दोन टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतंय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून वीजही हलत नाही. ताकद अगदी कमी, पण स्थिर. ओहमचा खरा नियम सापडला तो या गरम-थंड पाण्याच्या सप्लायवर!

जानेवारी १८२६ मध्ये त्यांनी सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सगळ्यात आखूड २ इंच, सगळ्यात लांब १३० इंच. या वेळी आकडे सुतासारखे सरळ आले. करंटचा जोर म्हणजे एक स्थिरांक भागिले (दुसरा स्थिरांक अधिक तारेची लांबी). तापमानातला फरक बदलला की पहिला स्थिरांक बदले, दुसरा तसाच राही. पहिला म्हणजे सप्लायचं व्होल्टेज. दुसरा म्हणजे तार सोडून उरलेल्या सर्किटचा, सप्लायच्या पोटातल्या रेझिस्टन्ससकट, सगळा विरोध. म्हणजे सप्लाय स्वतःसुद्धा सर्किटचा भाग असतो, हे त्या मूळ सूत्रातच लिहिलेलं आहे. आपण पाठ करताना नेमकं तेच गाळतो.

मग अर्ध्या पगाराची रजा घेऊन ओहम बर्लिनला भावाकडे गेले आणि १८२७ मध्ये आपलं मोठं पुस्तक छापलं. वाटलं, आता युनिव्हर्सिटी बोलावणारच. कसलं काय! गणिताने भौतिकशास्त्र मांडणं तेव्हा जर्मनीत अनेकांना पटत नव्हतं. वाचकांना जड जाऊ नये म्हणून ओहमने सुरुवातीला लागणारं गणितही समजावून दिलं होतं, तरी काहींनी पुस्तक झोडपलं आणि बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं. दुखावलेल्या ओहमने १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. वय ३९, घरदार नाही, लग्न नाही, हातात धड नोकरी नाही. बर्लिनला थोडंफार शिकवत पाच वर्षं काढली, तेव्हा कुठे १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. तीही त्यांना हवी होती तशी युनिव्हर्सिटीची नव्हतीच.

कौतुक आलं ते परदेशातून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं. मग घरचे जागे झाले! तरी म्युनिक युनिव्हर्सिटीची प्राध्यापकाची खुर्ची मिळायला १८५२ साल उजाडलं. आयुष्यभर हवी असलेली खुर्ची त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली आणि जेमतेम दोन वर्षं लाभली. ६ जुलै १८५४ रोजी ओहम गेले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम हे एकक मान्य केलं, ते पाहायला ते नव्हते.

आता माझ्या मशीनचं काय झालं ते. चरित्र वाचून मी पहिल्यांदा एसएमपीएसचा स्टिकर नीट वाचला. ४५० वॅट मोठ्या अक्षरात, पण १२ व्होल्टच्या लाइनवर फक्त १४ अँपिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट! माझा प्रोसेसर ६५ वॅटचा, ग्राफिक्स कार्ड १२० चं. दोघांचे मिळूनच १८५ झाले आणि दोघं प्रामुख्याने याच लाइनवर जगतात. एसएमपीएसमध्ये फीडबॅक असतो, पोटातला तोटा तो भरून काढतो, पण कुवतीबाहेर ओझं टाकल्यावर तो तरी काय करणार?

नवा घेताना मग पुढच्या गोष्टी बघितल्या. १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. माझं ओझं त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतं, त्यामुळे तो थंड राहतो. आतले कपॅसिटर १०५ डिग्रीचे, कारण ८५ वाले उष्णतेने लवकर सुकतात, आणि दर १० डिग्री कमी झाले की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. ‘८० प्लस’चा शिक्का एफिशियन्सीचा असतो, तो टिकाऊपणाची हमी देत नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची तेही विचारलं. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण आहे का ते पाहिलं. आणि रूमच्या प्लगला अर्थिंग आहे का, हे लॅबच्या काकांकडूनच तपासून घेतलं.

नवा एसएमपीएस बसवला, सिम्युलेशन लावलं आणि मीटर धरला. १२.०३. मग रूममेटसमोर जाऊन सॉरी म्हटलं आणि तिची रॅम परत मागितली. तिने दिली, पण कँटीनमध्ये दोन मिसळपाव वसूल करूनच!

तेव्हा मंडळी, ओहम माझ्या लेखी आता फक्त सूत्र राहिलेला नाही. स्वतःचं छापलेलं सूत्र चुकलंय हे कळल्यावर त्याने सप्लाय बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुढच्या वेळी तुमचं मशीन बंद पडलं, तर कोणाच्या रॅमला शिव्या घालण्याआधी एकदा पिवळ्या वायरवर मीटर लावून बघा.