विधवा बायांना नर्सिंगची वाट दाखवणाऱ्या रमाबाई रानडे

नवी मुंबई : बारावीनंतर एएनएम किंवा जीएनएम करायचं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करायची आणि वाशी, नेरूळ, कामोठेकडच्या हॉस्पिटलमध्ये अर्ज टाकायचा. खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरींचा आज हाच रस्ता आहे. कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात काम मिळालं तर हात लवकर तयार होतो, हे त्यांना ठाऊक असतं. घरच्यांचे प्रश्न मात्र वेगळेच असतात. रात्रपाळी आहे का, राहायचं कुठं, लोक काय म्हणतील? शंभर वर्षांपूर्वी पुण्यात हेच प्रश्न फार मोठे होते. त्यांची उत्तरं शोधायला जी बाई उभी राहिली, तिचं नाव रमाबाई रानडे.

देवराष्ट्रेची लेक

रमाबाईंचा जन्म 1862 सालचा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही पुढे याच गावात झाला. रमाबाईंचं माहेर कुर्लेकरांचं. मुलींना अक्षरओळख करून द्यायची घरात पद्धत नव्हती. 1873 मध्ये, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. रानडे वयानं खूप मोठे आणि बिजवर. त्यांनी बायकोला स्वतः शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या मोठ्या बायकांना हे अजिबात पटलं नाही. टोमणे, अबोला, सगळं सोसून रमाबाई शिकत राहिल्या. 1884 मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू व्हावं म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं, तेव्हा घरी आणखीच बोलणी खावी लागली. पुढे तेच हायस्कूल हुजूरपागा म्हणून नावारूपाला आलं.

सेवासदनची सुरुवात

1901 च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. त्या काळी विधवेनं कोपरा धरायचा, हाच रिवाज. रमाबाईंनीही सुरुवातीचा काही काळ घरातच काढला. नंतर मात्र त्या बाहेर पडल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या, दवाखान्यात फळं-फुलं घेऊन जाऊ लागल्या. 1909 मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीनं त्यांनी पुणे सेवासदन उभं केलं. बायकांनी शिकावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यामागचा हेतू.

शिवण, शिक्षिकेचं प्रशिक्षण हे वर्ग लोकांना चालण्यासारखे होते. नर्सिंगचं तसं नव्हतं. परक्या माणसाला हात लावायचा, रक्त-पू पुसायचं, जातपात बघायची नाही, रात्री घराबाहेर राहायचं. चांगल्या घरच्या बाईचं हे काम नव्हे, असं लोक उघड म्हणायचे. आजारी बायकांची गरज मात्र खरी होती. पुरुष डॉक्टरला अंग दाखवायला लाजणाऱ्या कित्येक बाया दुखणं अंगावरच काढायच्या.

रमाबाई आणि सेवासदननं इथं नुसतं भाषण केलं नाही. तरुण विधवांना आणि त्यांच्या घरच्यांना समजावलं. ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची सोय लावली. शिकणाऱ्या बायकांसाठी राहायची वेगळी व्यवस्था केली. रमाबाईंसारखी मानाची बाई पाठीशी आहे म्हटल्यावर घरच्यांचा विरोध थोडा ढिला पडू लागला.

भर सभेतला प्रसंग

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढली. वर गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली. रमाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. समारोपाच्या भाषणात त्यांनी या शिकलेल्या पोरांना कडक शब्दांत सुनावलं. जिची टिंगल झाली ती त्यांच्याच घरातल्या बहिणीसारखी होती, हे त्यांना दाखवून दिलं.

उतारवयातही काम थांबलं नाही. आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीला जात आणि जत्रेत आलेल्या बायकांना मदत करत. मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं आणि बायकांना मताचा हक्क मिळावा, यासाठीही त्या झगडल्या. 1924 मध्ये त्यांचं निधन झालं. 1962 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आजही तेवढंच खरं

नर्सिंगचा कोर्स झाला म्हणजे सगळं झालं, असं रमाबाईंनी मानलं नाही. शिकायला दवाखाना, राहायला भरवशाची जागा आणि घरच्यांचा होकार, या तिन्हींसाठी त्यांनी काम केलं. गावातली पोर सर्टिफिकेट घेऊन नवी मुंबईला निघते, तेव्हा तिलाही हेच लागतं. अर्ज तिचा ती करेल. पहिल्या रात्रपाळीला जाताना घरचे पाठीशी आहेत, एवढा भरवसा मात्र घरच्यांनीच द्यायचा असतो.