तळहातावरची भाषा

आपल्या कोल्हापुरात एखाद्या घरी बाळ जन्मले, की वडीलधारी माणसे त्याच्या कानाशी जातात. मुसलमानांच्या घरी बाळाच्या उजव्या कानात अजान देतात. हिंदूंच्या घरी बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्र करून त्याचे नाव सांगते. रीत वेगळी आहे, पण भावना एकच आहे. या दुनियेची आणि आपल्या माणसांची पहिली ओळख बाळाला कानातून व्हावी, असे सर्वांना वाटते.

बाळ बोलत नाही, पण ऐकते. जन्माच्या काही महिने आधी, आईच्या पोटात असतानाच त्याचे कान काम करू लागतात. जन्मानंतर मोठा आवाज झाला, की ते दचकते. आईचा आवाज ऐकून शांत होते. सहा-सात महिन्यांचे झाले, की आवाजाच्या दिशेने मान वळवते; बा-बा, मा-मा असे आवाज काढते. वर्षाच्या सुमारास ते पहिला शब्द बोलते. तो एक शब्द बोलण्याआधी त्याने हजारो शब्द ऐकलेले असतात. आधी पाऊस पडतो, मग विहिरीला पाणी येते. तसेच हे आहे.

पण कानाचे हे दारच बंद झाले तर? मग भाषा आत कशी जाणार? या प्रश्नाचे उत्तर एका मुलीच्या आयुष्यात सापडते. तिचे नाव हेलन केलर.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कंबिया या लहान गावी झाला. तिचे वडील आर्थर केलर पूर्वी सैन्यात कॅप्टन होते. पुढे ते एका वृत्तपत्राचे संपादक झाले. आईचे नाव केट. हेलन जन्मतः धडधाकट होती. तिला दिसत होते आणि ऐकूही येत होते. सहा महिन्यांची असतानाच ती मोठ्यांच्या शब्दांची नक्कल करू लागली. पाण्याला ती वॉ-वॉ म्हणे. वर्षाची होताच ती चालू लागली.

१८८२ च्या फेब्रुवारीत, एकोणीस महिन्यांची असताना, हेलन फार आजारी पडली. ती वाचेल अशी आशा डॉक्टरांनाही नव्हती. मग एके दिवशी ताप जसा आला तसा अचानक उतरला. घरात आनंदीआनंद झाला. पण तो ताप जाताना मुलीची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही घेऊन गेला होता. हे त्या दिवशी कोणालाच कळले नाही. तो आजार मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा मेंदुज्वर असावा, असे आज काही तज्ज्ञांना वाटते.

ऐकू येईनासे झाले, तसे शिकलेले शब्दही हळूहळू गळून पडले. फक्त पाण्यासाठीचा तो वॉ-वॉ आवाज तेवढा हेलनच्या तोंडी राहिला.

पण बोलण्याची इच्छा मात्र गेली नव्हती. हेलनने स्वतःच खुणांची भाषा तयार केली. आईचा हात ओढला, की ये. ढकलला, की जा. भाकरीच्या जागी तिकडे पाव खातात. पाव हवा असेल, तर ती तो कापून त्यावर लोणी लावण्याची नक्कल करी. आइस्क्रीम हवे असेल, तर यंत्र फिरवल्यासारखे करून थंडीने कुडकुडून दाखवी. चश्मा लावल्याची खूण म्हणजे वडील. गालावर हात म्हणजे आई. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था ही तिची मैत्रीण होती. तिला हेलनचे सगळे इशारे समजत. अशा साठांहून अधिक खुणा हेलनने तयार केल्या.

तरीही त्या पुरत नव्हत्या. खुणेने पाव मागता येतो. पण आई कुठे गेली, उद्या काय होणार, हे कसे विचारणार? दोन माणसे बोलत असली, की हेलन मध्ये उभी राहून त्यांच्या ओठांना हात लावी. आपणही ओठ हलवून पाही. पण काहीच घडत नसे. मग ती संतापाने लाथा झाडी, किंचाळे आणि दमून गप्प होई. एकदा तिने धाकट्या बहिणीचा पाळणाच उलटा केला. बाळ पडता पडता आईने झेलले म्हणून वाचले. लोकांना वाटे, ही मुलगी हट्टी आणि रानटी आहे. खरे तर ती रानटी नव्हती, ती कोंडलेली होती.

आईने आशा सोडली नाही. लॉरा ब्रिजमन नावाच्या अंध आणि कर्णबधिर मुलीला बॉस्टन शहरातील पर्किन्स या संस्थेने शिकवले होते. ती हकिकत केटने एका पुस्तकात वाचली होती. १८८६ मध्ये आईवडील हेलनला घेऊन आधी बाल्टिमोरच्या एका नेत्रतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे जाण्याचा सल्ला दिला. टेलिफोनचा शोध लावणारे हेच ते बेल. त्यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते. कर्णबधिर मुलांना शिकवणे हे बेल यांच्या आवडीचे काम होते. त्यांनी केलर कुटुंबाला पर्किन्स संस्थेकडे पत्र लिहिण्यास सांगितले.

त्या संस्थेने ॲन सुलिव्हान या तरुण शिक्षिकेला पाठवले. बाईंचे वय तेव्हा फक्त वीस वर्षांचे होते. त्यांचे बालपण फार गरिबीत गेले होते. खुपरीच्या आजाराने त्यांची दृष्टी लहानपणीच अधू झाली होती. आई वारल्यावर त्यांना अनाथ आणि निराधार लोकांच्या आश्रमात राहावे लागले. पुढे पर्किन्स संस्थेत त्या शिकल्या आणि वर्गात पहिल्या आल्या. तेथेच लॉराशी बोलता यावे म्हणून त्या बोटांची वर्णमाला शिकल्या होत्या. या वर्णमालेत प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक खूण असते. ती समोरच्याच्या तळहातावर करायची.

३ मार्च १८८७ रोजी सुलिव्हानबाई टस्कंबियाला पोहोचल्या. त्यांनी हेलनला एक बाहुली दिली आणि तिच्या तळहातावर बाहुली या शब्दाची अक्षरे काढली. हेलनने तो खेळ लगेच उचलला. पण या खुणा म्हणजे त्या वस्तूचे नाव आहे, हे तिला कळले नव्हते. पोपटाने बोल पाठ करावेत, तसे ते होते. शिवाय हट्ट होताच. जेवताना ती सर्वांच्या ताटात हात घाली. बाईंनी तिला शिस्त लावण्यासाठी दोन आठवडे बागेतल्या छोट्या घरात आपल्याजवळ ठेवले. बाई प्रेमळ होत्या, पण दया दाखवून मुलीला बिघडवणाऱ्या नव्हत्या.

५ एप्रिल १८८७ हा दिवस उजाडला. त्या दिवशी हेलनने रागाने एक बाहुली आपटून फोडली होती. बाई तिला घेऊन अंगणातल्या हातपंपाजवळ गेल्या. पाण्याची धार हेलनच्या एका हातावर पडू लागली. दुसऱ्या हातावर बाईंनी पाणी हा शब्द आधी हळू, मग भराभर लिहिला. हेलन एकदम स्तब्ध झाली. फार पूर्वी विसरलेले काहीतरी आठवावे, तसे तिला झाले. या थंडगार वाहत्या वस्तूला नाव आहे! प्रत्येक वस्तूला नाव आहे! तिने जमिनीला हात लावून नाव विचारले, पंपाला हात लावून विचारले, बाईंचेही नाव विचारले. त्या एका दिवसात ती सुमारे तीस शब्द शिकली. घरात आल्यावर फुटलेल्या बाहुलीचे तुकडे जुळवण्याचा तिने प्रयत्न केला. ते जुळेनात, तेव्हा तिला रडू आले. आपण चुकलो, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा समजले. भाषा आली आणि तिच्याबरोबर पश्चात्तापही आला.

याच सुमारास सुलिव्हानबाईंनी एक मोठी गोष्ट केली. हेलनच्या नात्यात पंधरा महिन्यांची एक मुलगी होती. बाई तिच्याकडे बारकाईने पाहू लागल्या. नाक कुठे आहे विचारले, की ती नाकावर बोट ठेवी. ही वस्तू आईला दे म्हटले, की नेऊन देई. तिला बोलता येत नव्हते, पण समजत बरेच होते. तिला कोणी धडे दिले नव्हते. घरातली माणसे दिवसभर तिच्याशी बोलत होती, एवढेच. मग बाईंनी ठरवले, की आपणही हेलनशी असेच वागायचे. एकेक शब्दाचा तास घ्यायचा नाही. लोक बाळाच्या कानात बोलतात, तसे आपण हेलनच्या हातात बोलायचे. तेही पुरी वाक्ये. समजेल तेवढे समजू दे, बाकीचे पुढे समजेल. त्या दिवसापासून जेवताना, फिरताना, खेळताना बाईंची बोटे हेलनच्या तळहातावर सतत बोलत राहिली. बंद झालेले दार सोडून बाईंनी दुसरे दार उघडले होते.

पुढची वाट सोपी नव्हती, पण ती मोकळी झाली होती. हेलन ब्रेल लिपी शिकली. १८९० मध्ये बॉस्टनच्या सारा फुलर यांच्याकडे ती तोंडाने बोलण्यास शिकू लागली. पुष्कळ मेहनत करूनही तिचे बोलणे अनोळखी माणसाला स्पष्ट कळत नसे. याचे दुःख तिला जन्मभर राहिले. १९०० मध्ये तिने रॅडक्लिफ कॉलेजात प्रवेश घेतला. वर्गात बाई शेजारी बसून प्राध्यापकांचे व्याख्यान तिच्या हातावर लिहीत. १९०३ मध्ये तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९०४ मध्ये ती बी. ए. झाली. अंध आणि कर्णबधिर असूनही ही पदवी मिळवणारी ती पहिली व्यक्ती होती.

यानंतर हेलन केलर यांनी आपले आयुष्य अंध आणि अपंग लोकांसाठी वेचले. १९३६ मध्ये सुलिव्हानबाई वारल्या. तरीही त्यांचे काम थांबले नाही. त्या देशोदेशी फिरल्या. १९५५ मध्ये वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास त्या भारतात आल्या आणि पंडित नेहरूंना भेटल्या. नेहरूंचा चेहरा त्यांनी आपल्या बोटांनी पाहिला. अंधत्वापेक्षा बहिरेपण अधिक कठीण आहे, असे त्यांचे मत होते. कारण बहिरेपण माणसाला माणसापासून दूर करते. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने मुंबईत १९७७ साली सुरू झालेल्या संस्थेत ऐकू आणि दिसू न शकणारी मुले आजही शिकतात.

हेलनला पहिले एकोणीस महिने ऐकायला मिळाले होते. पण त्यानंतरची पाच वर्षे तिला कोणतीही पुरी भाषा मिळाली नाही. तिची ती वर्षे अंधारात गेली, कारण काय करावे हे घरच्यांना माहीत नव्हते. आज आपल्याला ते माहीत आहे. जन्मतः ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने इतर बाळांसारखेच हसते आणि हुंकार देते. म्हणून घरच्यांना शंका येत नाही. कोणी त्याच्यामागे थाळी वाजवून पाहतात. बाळ हादऱ्याने किंवा सावलीने वळले, तरी त्यांना वाटते, की त्याला ऐकू येते. कोणी म्हणतात, याचा बापही उशिरा बोलला होता, हाही बोलेल. असे म्हणता म्हणता दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि भाषा शिकण्याचा सर्वांत चांगला काळ तोच असतो.

खरी तपासणी अगदी साधी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात एक लहान नळी ठेवतात. तिच्यातून बारीक आवाज सोडतात. निरोगी कान त्या आवाजाला आतून प्रतिध्वनी देतो आणि यंत्र तो टिपते. बाळाला काहीही दुखत नाही. ही तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास तो तिसऱ्या महिन्यापर्यंत नक्की व्हावा आणि सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. मग कोणाला श्रवणयंत्र लागते, कोणाला शस्त्रक्रिया, तर कोणाला हातांची सांकेतिक भाषा. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली याच कामासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी लहान बाळ असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्या. त्याच्याशी रोज बोला. ते आवाजाकडे वळत नसेल, तर घरच्यांना तपासणी करण्यास सांगा. वाट पाहू नका. बाळाच्या कानात आपण पहिले शब्द मोठ्या प्रेमाने घालतो. ते त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही, हे पाहणे हेही त्या प्रेमाचेच काम आहे.