प्लेगाशीं झुंजलेला संशोधक : वाल्डेमार हाफकिन

शहाडहून लोकलनें परळास जाणाऱ्या मंडळींनीं तेथील जुनें गव्हर्नमेंट हाउस कदाचित् पाहिलें असेल. एके काळीं जेथें मुंबईचे गव्हर्नर राहत, त्या वास्तूंत आज हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. हें नांव पुष्कळांच्या तोंडीं असतें. पण तें कोणाचें, आणि तो पुरुष आपल्या लोकांसाठीं काय सोसून गेला, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. विश्वविद्यालयांत त्यांनीं प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. प्रख्यात शास्त्रज्ञ मेचनिकोव हे त्यांचे गुरु. त्या काळीं तेथें यहुदी वस्त्यांवर जमावांचे हल्ले होत. शेजाऱ्यांच्या रक्षणासाठीं हाफकिन पुढें सरसावले, जखमी झाले, व तुरुंगांतही पडले; गुरूंच्या रदबदलीनें त्यांची सुटका झाली. पुढें अध्यापकाची जागा मिळण्यासाठीं धर्म बदलण्याची अट आली. पोटासाठीं श्रद्धा विकणें त्यांस मान्य नव्हतें. १८८८ सालीं त्यांनीं मायदेश सोडला आणि दुसऱ्या वर्षीं पॅरिस गांठलें. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. तीच त्यांनीं आनंदानें पत्करली व उरलेल्या वेळांत जंतूंचें संशोधन चालविलें. संधि लहान म्हणून नाकारणाऱ्या तरुणांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

त्यांचें पहिलें यश पटकीवरील लस हें होय. १८ जुलै १८९२ रोजीं ती लस त्यांनीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले, व दोन-अडीच वर्षांत गांवोगांव फिरून सुमारें ४२ हजार लोकांस त्यांनीं टोंचलें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत एका विचित्र तापानें माणसें पटापट मरूं लागलीं. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं रोग्यांस तपासून हा प्लेग असल्याचें निदान केलें. आरंभीं अनेकांस तें पटेना. पण तें खरें ठरलें. लक्षावधि लोक घरेंदारें सोडून पळाले, आणि आगगाडीच्या वाटेनें ठाणें, कल्याण, पुणें असा रोगही पसरला. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करितांना सावित्रीबाई फुले यांस याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं मृत्यु आला.

हा रोग इतका घातक कां, हें थोडें समजून घेऊं. प्लेगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें सांपडला होता. उंदरावरील पिसवांच्या दंशानें तो माणसाच्या शरीरांत शिरतो. बहुधा काखेंत किंवा जांघेंत गांठ येते, म्हणूनच आपल्याकडे यास गांठीचा ताप म्हणत. परंतु कित्येकदां गांठ येण्यापूर्वींच जंतु रक्तांत शिरून झपाट्यानें वाढतात. मग रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडें व इतर इंद्रियें निकामी होत जातात, आणि एकदोन दिवसांत रोगी दगावतो. जंतुदोषाशीं झगडतां झगडतां शरीर स्वतःच्याच इंद्रियांची हानि करूं लागतें, या अवस्थेस आजचे वैद्य सेप्सिस म्हणतात. तीस कारण होणारे जंतु अनेक आहेत. प्लेगाचा जंतु त्यांतील अति उग्र असा एक.

ऑक्टोबर १८९६ मध्यें हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक खोली व एक ओसरी त्यांस मिळाली. हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई. बकऱ्याच्या मांसाच्या रसांत ते जंतु वाढवीत व वर तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंबत्या जटा वाढत. मग उष्णतेनें ते जंतु मारून त्यांची लस तयार होई. अवघ्या तीन महिन्यांच्या अविश्रांत श्रमांनंतर, १० जानेवारी १८९७ रोजीं, त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण जीव सुखरूप राहिला.

एवढ्यावरून लस गुणकारी ठरत नाहीं, हें ते जाणून होते. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील कांहीं कैद्यांनीं स्वखुषीनें लस घेतली, कांहींनीं घेतली नाहीं. दोघांचें अन्न एक, पाणी एक, निवारा एक. नंतर दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हां लस घेतलेल्यांत रोग फार कमी आढळला. १८९८ सालीं बडोद्याजवळील उंढेरा गांवीं त्यांनीं प्रत्येक घरांतील कांहीं माणसांस टोंचलें व कांहींस तसेंच ठेविलें. प्लेग शिरलेल्या २८ घरांत, न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २६ दगावले. टोंचलेल्या ७१ जणांपैकीं केवळ ३. औषधाची परीक्षा अशा तुलनेनेंच होते, वर्णनानें किंवा विश्वासानें नव्हे, हा धडा त्या गांवानें घालून दिला. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या वास्तूंत आली, आणि तेथून १९२५ पर्यंत अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या.

परंतु कीर्तीच्या शिखरावर असतांनाच त्यांजवर घोर संकट कोसळलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांस लस टोंचली गेली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेल्या १९ जणांस धनुर्वात झाला, व ते सर्व मरण पावले. एकोणीस घरांचा तो शोक कोणत्याही युक्तिवादानें पुसला जाणारा नव्हता. कारण शोधणें अवश्यच होतें. सरकारनें चौकशी नेमली, आणि दोष परळच्या प्रयोगशाळेचा असा ठपका आला. हाफकिन यांस कामावरून दूर केलें गेलें. ज्यानें स्वतःच्या देहावर प्रथम प्रयोग केला, त्यासच निष्काळजी ठरविण्यांत आलें!

त्यांनीं आक्रोश केला नाहीं; पुराव्याची वाट धरिली. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करितां तसाच वापरला गेला, ही गोष्ट चौकशींतच नमूद होती. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें तर सर्वश्रुत. बाटली परळाहून निघतेवेळींच दूषित असती, तर अनेक दिवसांच्या प्रवासांत तींत दुर्गंध सुटला असता. तसा तो आला नव्हता. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति नामांकित शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत त्यांची बाजू जाहीरपणें मांडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते निर्दोष ठरले. पांच वर्षें गेलीं होतीं. तरीही ते याच देशांत परत आले व निवृत्तीपर्यंत कलकत्त्यास राहिले. परळची संस्था मात्र पुन्हां त्यांच्या हातीं आली नाहीं. १९२५ सालीं तिला त्यांचें नांव देण्यांत आलें. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें त्यांचें देहावसान झालें. ते अविवाहित होते.

लस रोग टाळीत असे. जडलेला रोग बरा करणें तिच्या आटोक्याबाहेर होतें. तें काम पुढच्या पिढीनें केलें. १९४० च्या सुमारास याच संस्थेंत डॉ. साहेबसिंग सोखी यांच्या नेतृत्वाखालीं सल्फा जातीच्या औषधांची प्लेगावर परीक्षा झाली, आणि त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आलें. आज प्लेग वेळीं ओळखल्यास बरा होतो. मात्र इतर जंतूंमुळें होणारा सेप्सिस अजून असंख्य प्राण घेतो, व तेथें एकेक तास मोलाचा असतो. म्हणून आईबापांस आमची विनंति आहे कीं, जखमेनंतर, बाळंतपणानंतर किंवा तापांत जर धाप लागली, हातपाय गार पडले, लघवी फार कमी झाली, किंवा रोगी भलतेंच बरळूं लागला, तर घरगुती उपायांत रात्र घालवूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, मुलकोवालचा तो चिमटा विसरूं नका. लक्षावधींस तारणारी लस एका क्षणाच्या हयगयीनें विष ठरली, आणि घाईच्या निर्णयानें एका सज्जनाची पांच वर्षें हिरावलीं. तुमच्यांतून कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी न्यायाधीश. हात स्वच्छ ठेवा, आणि दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं पुरावा पाहा. हाफकिन यांचें स्मारक परळास आहेच. त्याहून चांगलें स्मारक तुमच्या वागणुकींत उभें राहो.