डॉक्टर एफ्राईम मॅकडॉवेल व क्रॉफर्डबाई

बाईचे पोट वाढू लागले की घरची माणसे महिने मोजू लागतात, आणि दिवस उलटून गेले तरी सुटका होत नाही असे दिसले म्हणजे आळीत कुजबुज सुरू होते. बाई बिचारी लाजेने गप्प राहते. अशा पोटात कधी कधी मूल नसून अंडाशयावर वाढलेली व द्रवाने भरलेली मोठी गाठ असते. आज सोनोग्राफीने ती थोड्याच वेळात ओळखता येते व शस्त्रक्रियेने काढताही येते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी अशा बाईला मरणाची वाट पाहण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तो मार्ग ज्यांनी प्रथम मोकळा केला त्या डॉक्टरांचे, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणाऱ्या एका शेतकरी बाईचे वृत्त आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो.

एफ्राईम मॅकडॉवेल ह्यांचा जन्म अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात ११ नोव्हेंबर १७७१ रोजी झाला. १७८४ साली त्यांचे कुटुंब केंटकीतील डॅनव्हिल ह्या गावी राहावयास गेले. तो मुलूख त्या काळी नुकताच वसू लागला होता. तरुणपणी ते स्कॉटलंडात एडिनबरो येथे वैद्यक शिकावयास गेले व तेथे जॉन बेल ह्या नामांकित शस्त्रवैद्याची व्याख्याने त्यांनी ऐकली. पदवी न घेताच ते परतले आणि १७९५ पासून डॅनव्हिल येथे त्यांनी धंदा मांडला. आसपासच्या मुलखात घोड्यावरून फिरून ते रोगी पाहत असत.

१८०९ सालच्या डिसेंबरात त्यांना साठ मैलांवरून, म्हणजे सुमारे शहाण्णव किलोमीटरांवरून बोलावणे आले. जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या, वयाने पंचेचाळिशी ओलांडलेल्या व मुलाबाळांच्या आई असलेल्या बाईंचे दिवस भरून गेले आहेत, वेणांसारख्या कळा येत आहेत, पण मूल होत नाही, असे तेथील वैद्यांचे म्हणणे होते. मॅकडॉवेल ह्यांनी ते मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. त्यांनी पोट हाताने चाचपले, तो गोळा एका बाजूस अधिक कललेला असून दुसऱ्या बाजूस सहज सरकतो असे त्यांना आढळले. मग त्यांनी आतून तपासणी केली, तेव्हा गर्भाशय रिकामे असल्याचे कळून आले. तेव्हा हा गर्भ नव्हे, अंडाशयच वाढले आहे, असा त्यांनी निर्णय केला. त्यांच्याजवळ हाताखेरीज दुसरे साधन नव्हते.

ह्यापुढे त्यांनी जे केले ते आम्हांस निदानाहूनही मोठे वाटते. त्यांनी बाईंना खोटा धीर दिला नाही. प्रकृती धोक्याची आहे, एवढी मोठी गाठ कोणी काढल्याचे आपण पाहिले नाही व ऐकलेही नाही, तरी डॅनव्हिलला याल तर प्रयत्न करून पाहू, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पोट उघडले तर आतल्या पडद्याला दाह होऊन रोगी दगावतोच, अशी त्या काळच्या वैद्यांची समजूत होती. हे सर्व ऐकून बाईंनी होकार दिला. मग भर हिवाळ्यात, तो भार खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकवून, काही दिवसांत त्या साठ मैल घोड्यावरून आल्या. खोगीर घासून पोटाची कातडी ठेचाळली होती.

शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या राहत्या घरी झाली. तो दिवस नाताळचा होता असे मानतात. पुतणे डॉ. जेम्स मॅकडॉवेल मदतीस होते. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते. ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ साली झाला. क्रॉफर्डबाई त्या वेळी स्तोत्रे म्हणत होत्या, असे परंपरेने सांगतात. डाव्या बाजूस सुमारे नऊ इंच छेद घेताच आतडी बाहेर मेजावर आली, आणि गाठीने पोट इतके भरले होते की ती आत घालण्यास जागाच नव्हती. गाठ सबंध निघेना. तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मुळाशी दोरा घट्ट बांधला, मग गाठ चिरून पंधरा पौंड बुळबुळीत पदार्थ काढला, आणि शेवटी साडेसात पौंडांची पिशवी कापून वेगळी केली. एकूण साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंहून अधिक वजन! हे सारे पंचवीस मिनिटांत झाले. मग पोटातील रक्त निघून जावे म्हणून बाईंना डाव्या कुशीवर वळवून जखम शिवली.

पाचव्या दिवशी डॉक्टर पाहावयास गेले, तो बाई आपले अंथरूण स्वतः नीट करीत होत्या! त्यांनी त्यांना चांगलीच ताकीद दिली. पंचविसाव्या दिवशी बाई आल्या तशाच घरी परतल्या. घराबाहेर लोक डॉक्टरांस फाशी देण्यासाठी दोर घेऊन जमले होते, अशीही एक गोष्ट सांगतात. पण ती मागाहून रचलेली दिसते, म्हणून आम्ही तिच्यावर भर देत नाही.

मॅकडॉवेल ह्यांनी ही हकीकत लगेच छापली नाही. आणखी दोन रोगी हाताळल्यावर १८१७ साली फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय पत्रात त्यांनी तिन्ही हकीकती थोडक्यात दिल्या. येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या दुसऱ्या दोघी काळ्या वर्णाच्या स्त्रिया होत्या, आणि केंटकीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. क्रॉफर्डबाईंचे नाव त्या लेखात आहे, ह्या दोघींचे नाही. क्रॉफर्डबाईंना जसे विचारले, तसे विचारून घेण्याचा हक्क कायद्याने गुलाम स्त्रीस दिला नव्हता.

लेख वाचून पुष्कळांनी अविश्वास दाखविला. लंडनच्या एका वैद्यकीय पत्राच्या संपादकाने तर थट्टाच केली. पुढे अधिक पुरावा मिळाल्यावर १८२६ साली त्याने ती मागे घेतली. त्याच्या आदल्या वर्षी मेरीलँडच्या विद्यापीठाने मॅकडॉवेल ह्यांस सन्मानाची पदवी दिली होती. डॅनव्हिलच्या चर्चसाठी जमीन त्यांनीच दिली.

२५ जून १८३० रोजी ते पोटाच्याच दुखण्याने वारले. तो आंत्रपुच्छाचा दाह असावा असे आज डॉक्टर समजतात, आणि त्यावरची शस्त्रक्रिया तेव्हा कोणी करीत नसे. क्रॉफर्डबाई पुढे इंडियाना प्रांतात जाऊन राहिल्या व डॉक्टरांच्या मागे बारा वर्षे जगून १८४२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारल्या.